न मोडलेल्या नडग्या

सिद्धराम पडला तेव्हा त्याला कुणी धक्का दिला नव्हता आणि वाटेत धोंडाही नव्हता. दिवाळी होऊन गेलेली. लोह्याच्या अलीकडे, नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार शिवशंकर केंद्रे यांची सैन्यभरती अकॅडमी आहे. तिथली पोरं संध्याकाळची दौड संपवून परतत होती. शेवटच्या वळणावर सिद्धरामनं पाय टाकला आणि तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. मागून स्कूटीवर येणाऱ्या राजकन्या मॅडमच्या कानावर तो आवाज स्पष्ट आला.

राजकन्या बिराजदार निलंग्याकडची. वय सत्तावीस. कॉलेजात असताना ती खो-खो राज्यपातळीवर खेळली होती, नंतर तिनं बी.पी.एड. केलं. शाळांमधल्या जागा निघायची वाट बघून बघून ती कंटाळली आणि सुभेदारांकडे व्यायामशिक्षिका म्हणून आली. पोरं तिला मॅडम म्हणत, पण मैदानावर शब्द चालायचा तो सुभेदारांचाच.

सुभेदार धावत आले. त्यांनी सिद्धरामला लहान लेकरासारखं उचललं, जीपमध्ये घातलं आणि नांदेडला नेलं. प्लास्टर होईस्तोवर ते दवाखान्याच्या बाकड्यावरून उठले नाहीत. माणूस असा मायाळू होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरून जे सांगितलं ते त्यांच्या गळी उतरलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे हाड आज मोडलेलं नाही. नडगीला केसाएवढी चीर कधीच पडली होती. रोज त्याच पायावर रस्त्याची दौड झाली, चीर वाढत गेली आणि आज ते तुटलं. हे पडून मोडलेलं नाही, पळून मोडलेलं आहे.

सिद्धराम तीन आठवडे नडगी दुखते म्हणून सांगत होता. राजकन्येनं ते सुभेदारांच्या कानावर घातलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, पट्टी बांध आणि पळव, सैनिकाला दुखतंच.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना ऑफिसात गाठलं. तिचं म्हणणं असं: डांबरी रस्त्याची दौड निम्मी करावी, बाकीची मऊ रानात घ्यावी. आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पोटऱ्या आणि कमरेची ताकद वाढवणारा व्यायाम द्यावा. एक दिवस पूर्ण विश्रांती. आणि दुखतं म्हणणाऱ्या पोराला हसू नये, त्याला त्याच दिवशी बाजूला काढावं. ती काही नवं शोधून सांगत नव्हती, खेळाडूंच्या वसतिगृहात हे सगळं तिनं अंगानं केलेलं होतं.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भरती झालेल्या पोरांचे फोटो भिंतभर लावलेले होते. ते म्हणाले, हे बघ, ही सगळी पोरं याच रस्त्यावर पळून गेली आहेत. तुझ्या व्यायामाला वेळ द्यायचा तर तो पळण्यातून काढावा लागणार. पळणं कमी झालं की भरतीतल्या सोळाशे मीटरचा वेळ वाढणार. पलीकडच्या अकॅडमीवाले दहा दहा किलोमीटर पळवतात, आईबाप रविवारी येऊन तेच बघतात. तुझं ऐकलं आणि निकाल घसरला तर जबाबदार कोण?

"शंभर दाणे पेरले की सत्तर उगवतात," ते म्हणाले. "तीस जातातच. त्याला शेतकरी रडत बसत न्हाई."

"साहेब, त्या तीसचं काय होतं ते बघितलंय का कुणी?" राजकन्येनं विचारलं.

सुभेदार म्हणाले, ती पळून गेलेली पोरं. ज्यांना सोसवलं नाही ती गेली. तुला फार वाटत असेल तर दाखव सिद्ध करून.

त्यांनी ते वाद तोडायला म्हटलं असेल. राजकन्येनं मात्र शब्द धरून ठेवला.

मागच्या दोन वर्षांत मधूनच निघून गेलेल्या पोरांचे पत्ते तिनं गोळा केले आणि रविवारची सुटी एसटीत घालवायला सुरुवात केली. सुरुवातीला तिचीच फजिती झाली. कंधारकडचा एक पोरगा पुण्याला कंपनीत लागला होता, त्याच्या पायाला काही झालेलं नव्हतं, त्याला फौजेत जायचंच नव्हतं. दुसरा पलीकडच्या अकॅडमीत गेला होता आणि तिथून चक्क भरतीही झाला होता. त्याच्या आईनं राजकन्येच्या हातावर पेढा ठेवला. परतीच्या बसमध्ये ती स्वतःशीच म्हणाली, हेही धरावं लागेल. आपल्याला पाहिजे तेवढंच मोजलं तर आपल्यात आणि त्या फोटोंच्या भिंतीत फरक काय राहिला?

भोकरला दगडोबा भेटला. बाजारपेठेत खताच्या दुकानावर काम करत होता. आधी म्हणाला, कंटाळा आला म्हणून सोडलं मॅडम. दुकानातून बाहेर आल्यावर त्यानं पँट वर केली. नडगीवर मधोमध हाड गाठीसारखं वर आलेलं होतं.

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"बापाला सांगितलं होतं. बाप म्हणला, पळून पळून कुणाचं हाड मोडत असतं का? कामचुकार हायस." दगडोबानं पँट खाली केली. "त्यापेक्षा कंटाळा आला म्हणलेलं बरं वाटलं."

माहूरला जायला तिला दोन दिवसांची रजा काढावी लागली. गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमनबाईंचं खण-नारळाचं दुकान होतं. त्यांची मुलगी पुनम लष्करी पोलिसांतल्या मुलींच्या भरतीसाठी अकॅडमीत आली होती, आणि एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेली होती. राजकन्येनं ओळख सांगताच सुमनबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला.

"आता कामून आलात?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही. "पोरगी तीन महिने खाटेवर होती तवा कुणी आलं न्हाई."

पुनम आतून आली. खुब्याच्या हाडाला चीर गेली होती, आत स्क्रू घातलेले होते. चालताना ती एका बाजूला किंचित झुकायची. तिनंच आईला शांत केलं, राजकन्येला पाणी दिलं, चहा केला. सांगण्यासारखं फार नव्हतं. मांडीच्या सांध्यात दुखत होतं, सगळ्या मुली पळत होत्या, मग तीही पळत राहिली. सुभेदार सर चांगले होते, असंही ती म्हणाली. ते म्हणायचे, रेणुकामातेच्या गावची पोर तू, तू कशाला थांबतेस?

निघताना पुनम दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. "मॅडम, मी परत येणार नाही," ती म्हणाली. "पण माझं नाव तुमच्या मोजणीत घ्या. मी पळून गेले नव्हते."

उन्हाळ्याच्या तोंडाशी राजकन्या सुभेदारांसमोर बसली आणि जे जे पाहिलं ते सांगत गेली. पेढ्याचंही सांगितलं. निघून गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पोरं हाडाच्या किंवा सांध्याच्या दुखण्यानं गेली होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी जाताना भलतंच कारण सांगितलं होतं. सुभेदार ऐकत होते. पुनमचं नाव निघालं तेव्हा त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मीच म्हणलो होतो तिला," ते म्हणाले. "रेणुकामातेच्या गावची म्हणून."

त्यानंतर ते लगेच बदलले असं नाही. रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरवर त्यांनी आयुष्यभर पोरं घडवली होती. एका मुलीच्या चालण्यावरून सगळं टाकून द्यायला ते तयार नव्हते, आणि राजकन्येलाही मनातून ते पटत होतं. तिनं मागितलं ते एवढंच: लेखी परीक्षेत पास झालेली चाळीस पोरं आता मैदानाच्या तयारीला लागतील. त्यातली निम्मी तुम्ही घ्या, तुमच्या पद्धतीनं चालवा. निम्मी मला द्या. भरतीच्या दिवशी दोन्ही बाजू बघू. काय गेलं आणि काय मिळालं, दोन्ही बघू. निवड मात्र चिठ्ठ्या टाकून करायची. मी नाजूक पोरं घेतली असं व्हायला नको, तुम्ही दणकट घेतली असंही नको.

सुभेदार म्हणाले, "कबूल. पण एक लक्षात ठेव. तुझ्याकडून जो जाईल, कुठल्याही कारणानं जाईल, तो हिशेबात तुझ्या खर्चाच्या बाजूला."

"हाव," राजकन्या म्हणाली. "आणि तुमच्याकडून जाईल तो तुमच्या."

स्टीलच्या बादलीत चिठ्ठ्या पडल्या. मुखेडच्या पंढरीची चिठ्ठी राजकन्येच्या बाजूला निघाली.

पंढरी अबोल पोरगा होता. घरची कोरडवाहू जमीन, वडील नाहीत, आई रुक्मिणबाई स्वतः औत सोडून बाकी सगळं शेत करायची. वयाच्या अटीमुळे यंदाची भरती त्याची शेवटची होती. सोळाशे मीटर तो बऱ्यापैकी पळायचा, पण भरतीच्या ठरलेल्या वेळेत अजून बसत नव्हता. संध्याकाळी तो राजकन्येकडे आला आणि त्यानं सुभेदारांच्या बाजूला जायची परवानगी मागितली. मला कधी काही दुखलेलं नाही मॅडम, मला फक्त वेळ कमी करायचा आहे, पुढल्या वर्षी मला कुणी उभं करणार नाही.

राजकन्येनं सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, निवाडा तुझा. मला एक पोरगा जड नाही.

तिनं रात्रभर विचार केला. पंढरीला सोडलं तर उद्या आणखी तिघं येतील, सगळी पळण्यात जोरकस असलेलीच येतील, आणि तिच्याकडे राहतील ती भ्यालेली. मग जे दिसेल ते खरं नसेल. पण पंढरीचं वर्ष तिच्या हिशेबासाठी नव्हतं, हेही तिला कळत होतं. सकाळी ती त्याला म्हणाली की तू माझ्याकडेच राहशील, आणि मी तुला वेळेत बसवायला जिवाचं रान करीन. पंढरीनं मान हलवली आणि तो ओळीत जाऊन उभा राहिला. परत त्यानं तो विषय काढला नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. सुभेदारांची तुकडी पहाटे रस्त्यानं पळत जायची तेव्हा राजकन्येची पोरं नांगरून सपाट केलेल्या रानात एका पायावर उठाबशा काढत असायची. त्यांना आरामवाले असं नाव पडलं. रविवारी आईबाप येत आणि विचारत, आमच्या पोराला बसवून कामून ठेवलंय? मुदखेडच्या एका बापानं तर तिथल्या तिथं पोराची पेटी उचलली आणि त्याला घेऊन गेला. राजकन्या त्याला अडवायला गेली नाही. संध्याकाळी तिनं सुभेदारांना सांगितलं, एक माझ्या खर्चात लिहा.

तिच्या पोरांना बोलतं करायला सर्वांत जास्त वेळ लागला. नडगी दुखते हे म्हणायलाच त्यांना लाज वाटायची. ती रोज सकाळी प्रत्येकासमोर बसून अंगठ्यानं नडगी दाबून बघायची. कुणी तोंड वाकडं केलं की त्याला पळण्यातून काढून सायकलवर नाहीतर विहिरीच्या हौदात पोहायला घालायची. आधी पोरं चिडायची. मग लक्षात आलं की बाजूला काढलेला आठ-दहा दिवसांत परत येतो आणि त्याची जागा कुठं जात नाही. तेव्हा पोरं आपण होऊन सांगायला लागली. तरीही एकानं लपवलं. भरतीला महिना राहिला असताना त्याच्या पायाच्या पंजातलं हाड मोडलं. तोही तिच्या खर्चात गेला.

सुभेदारांच्या बाजूनं एकेक पोरगा गळत होता. कुणाची नडगी, कुणाचा गुडघा, कुणाची टाच. पण जी टिकली ती वाऱ्यासारखी पळत होती. त्यांच्याकडे बघितलं की राजकन्या आपल्या पोरांच्या वेळा पुन्हा तपासायची.

भरती पोळ्यानंतर झाली. पहाटेच्या अंधारात पोरं रांगेत उभी राहिली, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. सुभेदारांच्या वीस पोरांपैकी तेराच मैदानापर्यंत पोचली, आणि त्यातली दहा दौड पार करून गेली. राजकन्येची अठरा पोचली, त्यातली बारा पार झाली. पंढरी त्या बारांत नव्हता. शेवटच्या फेरीत तो पुढच्या घोळक्याला चिकटून होता, पण वेळ संपल्यावर मागच्यांना अडवायची दोरी पडली तेव्हा चार पावलं मागं राहिला.

राजकन्या मैदानाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभी होती. पंढरी सरळ तिच्याकडे आला. रडत नव्हता. तोंडावरची धूळही त्यानं पुसली नव्हती.

"मॅडम, शेवटच्या तीन आठवड्यांत तुम्ही आमची दौड कमी केली," तो म्हणाला. "तिकडं ते रोज वेळ लावून पळत होते. मला पळवलं असतं तर मी वेळेत बसलो असतो."

"बसला असतास कदाचित."

"माझी नडगी मोडली नसती. मला माझं अंग ठाऊक हाय."

"ते मला माहीत नाही, पंढरी. तुलाही माहीत नाही." तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "पण तुला मी अडवून ठेवलं होतं, हे खरं आहे."

तिनं आणखी काहीतरी म्हणावं म्हणून तो थोडा वेळ थांबला. सांत्वनाचं जे जे तिला सुचत होतं ते सगळं तिला स्वतःच्या सोयीचं वाटत होतं. पंढरी वळला आणि बसस्थानकाच्या दिशेनं चालायला लागला.

अकॅडमीत परतल्यावर सुभेदारांनी चहा मागवला. चाळीसातली बावीस पोरं पार झाल्यानं ते खुशीत होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. तुझी दोनच पोरं जास्त, ते म्हणाले, पण जास्त ती जास्त. आणि सात पोरं माझी लंगडत घरी गेली, तुझं एकच. मी हरलो असं समज. आता येणारी सगळी तुकडी तुझ्या पद्धतीनं चालव.

राजकन्येनं कप उचललाच नाही.

"साहेब, जी मैदानावर पोचली त्यातली तुमची जास्त पास झाली. तेरातली दहा. माझी अठरातली बारा."

"मग?"

"मग माझ्या पद्धतीत काहीतरी कमी आहे. पोरं शाबूत राहिली, पण जेवढी पळायला पाहिजे होती तेवढी पळाली नाहीत. माझ्या पद्धतीमुळे जी मोडली नाहीत ती कोण ते आपल्याला कधी कळणार नाही, त्यांची नावं नाहीत. पण पंढरीला नाव आहे. त्याला खर्चात धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही."

सुभेदार म्हणाले की लढाईत असंच असतं, दहा वाचतात तिथं एक जातो, त्याचं मनाला लावून घ्यायचं नसतं. राजकन्या म्हणाली, मनाला लावून घेण्याचा प्रश्न नाही. तीस दाण्यांचं तुम्ही म्हणाला होता तेव्हा मी तुम्हाला गप्प बसू दिलं नव्हतं. आता माझा एक दाणा आहे, तर मी गप्प कशी बसू? नवी तुकडी आठ दिवस उशिरा सुरू करा. मला मुखेडला जाऊन येऊ द्या.

मुखेडला ती पोचली तो बाजाराचा दिवस होता. पंढरीचं गाव तिथून पुढे, जीपनं जायचं. रुक्मिणबाई सोयाबीनमधलं तण काढत होत्या. त्यांनी राजकन्येला ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर हातातलं खुरपं त्यांनी कमरेला खोवलं आणि बांधावर बसायला जागा करून दिली. पंढरीनं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याचं नशीब म्हणा. न्हाईतर तुमचं म्हणा. माझ्याच्यानं ठरवणं होईना झालंय."

राजकन्या म्हणाली की नशीब नव्हतं, माझं ठरवणं होतं.

रुक्मिणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग रानाच्या दुसऱ्या टोकाला फवारणी करणाऱ्या पंढरीला हाक मारली.

तो आला, पाठीवरचा पंप उतरवून ठेवला, आणि बांधाच्या पलीकडेच उभा राहिला. राजकन्येनं आडवळण घेतलं नाही. नव्या तुकडीचं सगळं माझ्या हातात आलंय, ती म्हणाली. वेळेत बसला नाहीस ते का, हे तुझ्याएवढं कुणी सांगू शकणार नाही. मला सांग, कुठं चुकलं.

पंढरी बोलायला लागला तो थांबेना. अंगठ्यानं दाबून बघणं बरोबर होतं, तो म्हणाला, मला एकदा आत दुखलं होतं तेव्हा तुम्ही काढलंत ते बरं केलंत, मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. ताकदीच्या व्यायामानं चढावर फरक पडला. पण तुम्ही सगळ्यांना एकच माप लावलं. ज्याची नडगी दाबल्यावर दुखत नाही, त्याला वेळ लावून पळवायला पाहिजे होतं. आठवड्यातून दोनदा तरी. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत दौड कमी करायची तर अंतर कमी करायचं, वेग कशाला कमी करायचा? आमचे पाय शाबूत राहिले, पण त्यांना पळायची सवयच सुटली.

राजकन्या ऐकत राहिली. वेगाचं त्याचं म्हणणं तिला तिथल्या तिथं पटलं. सगळ्यांना एकच माप, हेही पटलं. दोनदाच्या ऐवजी एकदा, असं तिच्या मनात आलं, आणि तेही तिनं बोलून दाखवलं. पंढरी म्हणाला, एकदानं भागणार नाही. दोघं बांधावर तसेच त्यावर वाद घालत बसले. मध्येच रुक्मिणबाईंनी भाकरी आणि ठेचा आणून समोर ठेवला आणि दोघंही जेवले.

"पोलीस भरतीला वय आहे तुझं अजून," निघताना राजकन्या म्हणाली. "येतोस? फी-बिचं मी साहेबांशी बोलते."

"न्हाई मॅडम." त्यानं पंप पाठीवर घेतला. "राग हाय अजून. तुमच्यासमोर पळणं जमायचं न्हाई मला. इथंच पळीन."

तिनं आग्रह केला नाही.

नवी तुकडी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिचा आणि सुभेदारांचा चांगलाच खटका उडाला. सुभेदारांना आता सगळंच मऊ हवं होतं. सात लंगडत गेलेली पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि वेळ लावून पळवणं या शब्दांनीच ते बिथरले. हे पुन्हा तेच सुरू होईल, ते म्हणाले. राजकन्येनं सांगितलं की नाही होणार. सकाळी नडगी बघायची, ज्याला दुखत नाही त्यालाच वेगाची दौड, तीही रानात, आठवड्यातून दोनदा. महिनाभर बघू. दुखणी वाढली तर एकदा करू. पोरं मंद राहिली तर दोनदाच ठेवू. मोजणी मात्र थांबवायची नाही, आणि जाणाऱ्याला का गेलास हे त्याच्या घरी जाऊन विचारायचं.

"घरी कोण जाणार दर वेळी?"

"आलटून पालटून," राजकन्या म्हणाली. "एकदा मी, एकदा तुम्ही."

सुभेदार कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास तुकडीतला पहिला पोरगा निघून गेला तेव्हा ते खरंच जीप काढून हदगावकडे गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, त्याच्या पायाला काही नव्हतं, त्याचं लग्न ठरलंय. राजकन्या हसली आणि म्हणाली, तेही धरू.

पंढरीनं पुढे लातूरला पोलीस भरतीची मैदानी चाचणी पार केल्याचं त्यांच्या कानावर आलं, लेखी अजून व्हायची होती. सुभेदार म्हणाले, आपलाच पोरगा, आपल्याकडेच धरू. राजकन्येनं ते मानलं नाही. तो त्याच्या रानात, त्याच्या मनानं पळाला होता, आपल्या हिशेबात त्याचा तोटा आहे, नफा नाही. एवढं बोलून ती शिट्टी घेऊन मैदानाकडे गेली. त्या दिवशी वेगाची दौड होती, आणि त्याआधी सगळ्यांच्या नडग्या बघायच्या होत्या.